कापूस कळतो, चटका कळत नाही

माझ्या आजाराचं नाव सिरिंगोमायलिया. पाठीच्या कण्यातून जो मज्जारज्जू जातो, त्याच्या आतच पाण्याची लांबट पोकळी तयार होते आणि ती आतून दाब देत राहते. या पोकळीला रिपोर्टमध्ये सिरिंक्स लिहितात. माझी पोकळी मानेपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत होती. तिचं मूळ मात्र त्याहून वर, कवटीच्या तळाशी होतं. तिथल्या दोषाला कियारी मालफॉर्मेशन म्हणतात. काही डॉक्टर चिआरी म्हणतात. फोनवर वेळ घेताना दोन्ही उच्चार करून बघावे लागतात.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ऑपरेशन होऊन मी परत रुजू झाले आणि तेव्हापासून ओळखीच्या-अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. "बाई, आमच्या भाच्याच्या रिपोर्टमध्ये सिरिंक्स लिहिलंय. तुम्ही कोणाला दाखवलं होतं?" मी डॉक्टरचं नाव लगेच सांगत नाही याचा काहींना राग येतो. पण त्या भाच्याची पोकळी जुन्या अपघातामुळे झाली असेल, तर माझा डॉक्टर त्याच्या काय कामाचा? म्हणून नावाऐवजी आम्ही कसं शोधलं ते सांगते. फोनवर जे सांगते तेच इथे लिहिलं आहे.

१. आधी आजाराचं नाव ठरू द्या, मग डॉक्टरचं

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना फोड यायचे. तव्यावरची भाकरी हातानेच उलटायची सवय. चटका बसला की हात आपसूक मागे येणार हे आपण धरूनच चालतो. माझा येईना. रात्री भांडी आवरताना फोड दिसायचा आणि कधी भाजलं ते आठवायचं नाही. शाळेत हातातून खडू सुटू लागला. मान दुखायची. खोकला किंवा शिंक आली की डोक्याच्या मागच्या बाजूला जोराची कळ उठायची आणि थोड्या वेळाने उतरायची.

मानदुखीला आमच्याकडे एकच नाव आहे, स्पाँडिलायटिस. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या मानेचा एक्स-रे काढला तर थोडीफार झीज दिसतेच, त्यामुळे त्या नावाला पुरावाही हाताशी मिळतो. मानेला पट्टा, शेक, गोळ्या, व्हिटॅमिनची इंजेक्शनं, सगळं झालं. मान बघणारे डॉक्टर फोडांबद्दल विचारत नव्हते आणि फोडांवर मलम देणारे मानेबद्दल विचारत नव्हते.

मग शाळेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेतलं. "एकदा चामडीच्या डॉक्टरला दाखवून घ्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं. बधिर हात आणि न दुखणारे फोड म्हटलं की कुष्ठरोगाची शंका येते. आपल्या देशात ती यायलाच हवी. त्यात लाजण्यासारखं काही नाही, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग बरा होतो. तरीही मी स्कार्फ बांधून सोलापूरला गेले, हे खरं.

त्या त्वचारोगतज्ज्ञांनी जी तपासणी केली ती तोवर कोणीच केली नव्हती. डोळे मिटायला सांगून त्यांनी हातावर कापसाचा बोळा फिरवला. कळला. टाचणी टोचली. ती काही ठिकाणी टोचली, काही ठिकाणी नुसतं बोट लावल्यासारखी वाटली. मग एका नळीत गरम पाणी, एकीत गार पाणी घेऊन दोन्ही आलटून पालटून लावल्या. मला फरक सांगता येईना. कोपराच्या मागची नस त्यांनी बोटांनी चाचपली. कुष्ठरोगात ती बऱ्याचदा जाड झालेली लागते, माझी लागली नाही. अंगावर चट्टाही नव्हता. शेवटी त्यांनी रबरी हातोडी मागवली. हातांवर ठोकलं तर झटका येईना आणि गुडघ्यावर ठोकलं तर पाय जास्तच उडाला. "बाई, हे माझ्या खात्यातलं नाही," ते म्हणाले. "मज्जारज्जूच्या आत काहीतरी आहे. मानेचा एमआरआय करा आणि न्यूरोलॉजिस्टना भेटा."

याचं कारण मला पुढे समजलं. दुखणं आणि गरम-गार सांगणारे तंतू मज्जारज्जूच्या मधोमध एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. साध्या स्पर्शाचे तंतू मागच्या कडेने वर जातात. पोकळी मध्यभागी वाढली की आधी मधले तंतू तुटतात. म्हणून कापूस कळतो आणि चटका कळत नाही. ही बधिरता पसरते तीही दोन्ही खांदे, पाठीचा वरचा भाग आणि हात अशी, शाल पांघरल्यावर झाकला जातो तेवढ्या भागावर.

तात्पर्य असं की, नाव ठरायच्या आधी मुंबई-पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळवण्यात ताकद घालवू नका. मला योग्य दिशा दाखवणारा माणूस जवळच्या शहरातला, आणि या आजाराशी काडीचा संबंध नसलेल्या खात्यातला निघाला. त्याच्याकडे टाचणी, कापूस आणि हातोडी होती आणि ती वापरायला त्याने वेळ दिला.

२. मणक्याचा डॉक्टर आणि मज्जारज्जूचा डॉक्टर एकच असेल असं नाही

आपण सर्रास 'मणक्याचा डॉक्टर' म्हणतो. त्यात निदान तीन प्रकारची माणसं येतात. न्यूरोलॉजिस्ट म्हणजे एमडीनंतर डीएम केलेला. तो ऑपरेशन करत नाही, निदान करतो आणि औषधं देतो. न्यूरोसर्जन म्हणजे एमसीएच केलेला किंवा त्याच तोडीची डीआरएनबी असलेला; तो मेंदू आणि मज्जारज्जूची ऑपरेशनं करतो. तिसरा स्पाइन सर्जन, जो बहुतेकदा हाडांचा डॉक्टर असतो आणि नंतर मणक्याचं खास शिक्षण घेतो. सरकलेली गादी, झिजलेला मणका, मोडलेलं हाड यासाठी तो उत्तम. पण मज्जारज्जूच्या आतल्या पोकळीचा आणि कवटीच्या तळाचा प्रश्न आला की न्यूरोसर्जनच लागतो.

न्यूरोसर्जनमध्येही वाटण्या आहेत. कोणाचा हात गाठींवर बसलेला असतो, कोणाचा रक्तवाहिन्यांवर, कोणाचा लहान मुलांच्या दोषांवर. कवटी जिथे मानेला जोडली जाते त्या सांध्याचं काम करणारे वेगळे असतात. हॉस्पिटलात त्याला सीव्हीजे म्हणतात. चौकशीच्या खिडकीवर 'न्यूरोसर्जन कोण आहेत' असं विचारलं की त्या दिवशीच्या ओपीडीत जो बसला असेल त्याचं नाव मिळतं. 'सीव्हीजेच्या केसेस कोण बघतं' असं विचारलं की खिडकीपलीकडचा माणूस जरा वर बघतो आणि आत फोन लावतो.

माझा सल्ला, सुरुवात न्यूरोलॉजिस्टपासून करा. त्याला ऑपरेशन करायचं नसतं, त्यामुळे ऑपरेशन हवं की नको हे सांगताना त्याचा हात मोकळा असतो.

३. पोकळी का झाली हे शोधणारा डॉक्टर धरा

आमच्या शोधात मला हा मुद्दा सगळ्यात उशिरा उमगला आणि आता सगळ्यात मोठा वाटतो. पोकळी हा परिणाम असतो. तिच्यामागे कवटीच्या तळाचा दोष असेल, मज्जारज्जूत गाठ असेल, जुन्या अपघाताची इजा असेल, किंवा क्षयरोगाच्या मेंदूज्वरासारख्या आजारानंतर आतली आवरणं चिकटलेली असतील. लहान मुलांमध्ये मज्जारज्जूचं खालचं टोक अडकून बसलेलं असू शकतं. शाळकरी मुलीच्या पाठीला बाक येतोय म्हणून तपासणी केली आणि आत सिरिंक्स सापडली, असंही होतं. प्रत्येक कारणाचा इलाज निराळा.

माझं कारण कियारी. छोट्या मेंदूच्या खालच्या दोन टोकांना टॉन्सिल म्हणतात. घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा संबंध नाही, हे मी प्रत्येक नातेवाइकाला स्वतंत्र समजावून सांगितलं आहे. ही टोकं कवटीच्या तळाच्या छिद्रातून ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खाली उतरलेली असली तर साधारणपणे कियारीच्या पहिल्या प्रकारात धरतात. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी सतत वर-खाली होत असतं त्याची वाट तिथे अडते आणि खाली पोकळी तयार होऊ लागते. प्रागमध्ये काम करणारे ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी या दोषाचं वर्णन १८९१ मध्ये केलं. एवढा जुना विषय असूनही पोकळी नेमकी कशी भरत जाते यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

नुसत्या मानेचा एमआरआय बघून एका ठिकाणी आम्हाला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. पोकळीत नळी घालून पाणी काढून टाकू, म्हणाले. ऐकायला सोपं वाटतं. पुढच्या न्यूरोसर्जननी तारीख देण्याआधी तपासण्यांची यादीच दिली. मेंदूचा एमआरआय, पूर्ण पाठीचा एमआरआय, गाठ नाही ना हे बघण्यासाठी शिरेतून औषध देऊन पुन्हा फोटो, पाण्याचा प्रवाह दाखवणारा सिने एमआरआय, आणि मान पुढे-मागे वाकवून कवटीच्या सांध्याचा सीटी स्कॅन. घरी सगळ्यांना वाटलं, हे पैसे काढायचे धंदे. मला मात्र तिथे पहिल्यांदा धीर आला. जो माणूस कापण्याआधी एवढं बघायला मागतो, त्याला या आजाराची माहिती आहे. वाट मोकळी करणं शक्य असेल तर आधी ते करावं, पोकळीत नळी घालायचा विचार सहसा नंतर येतो, हेही त्यांनीच समजावलं.

४. कारण आणि इलाज ठरेपर्यंत मानेला कोणाला हात लावू देऊ नका

सासूबाईंना करमाळ्याकडचा एक हाडवैद्य माहीत होता. "एका झटक्यात मान मोकळी करतो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. पण कवटीच्या तळाशी जागा आधीच अरुंद झालेली असताना मानेला झटका देणं म्हणजे मज्जारज्जूशी खेळ. न्हाव्याकडे दाढीनंतर कडकन मान मोडून घेणारे पुरुष, मालिशवाले, मान ओढणारी ट्रॅक्शनची यंत्रं, सगळं बंद. न्यूरोसर्जननी सांगितल्याशिवाय मानेचे व्यायामही नकोत.

५. विचारायला लाजू नका

आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं असं मानतात. माझा नवरा तर केबिनमध्ये शिरताना चपलाही बाहेर काढायचा. मी शिक्षिका आहे, प्रश्न विचारणाऱ्या मुलांवर माझा जीव. तरी पहिल्या वेळी माझ्याही तोंडून शब्द फुटेना. मग प्रश्न वहीत लिहून नेले आणि वही उघडून समोर ठेवली. वही दिसली की डॉक्टरही जरा सावरून बसतात.

असे आजार तुम्ही वर्षाला साधारण किती बघता आणि त्यातल्या किती जणांचं ऑपरेशन करता? माझ्या पोकळीचं कारण तुमच्या मते काय? आत्ता काहीच केलं नाही तर काय होईल? ऑपरेशननंतर काय सुधारेल, काय आहे तसंच राहील? तुमचे जे पेशंट सुधारले नाहीत, त्यांचं पुढे काय केलंत?

उत्तराच्या आकड्यापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा बघा. एक नामांकित सर्जन शेवटच्या प्रश्नावर चिडले आणि "विश्वास नसेल तर दुसरीकडे जा," म्हणाले. आम्ही गेलो. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं, "ताई, खोकल्यावर उठणारी डोकेदुखी बहुतेक जाईल. हाताची ताकद आहे तिथे थांबली, थोडी सुधारली, तर आपण जिंकलो. चटका पुन्हा कळू लागेल असं मी म्हणणार नाही." ते ऐकून माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. मी मात्र मनात त्यांचं नाव पक्कं केलं. ऑपरेशननंतर झालं तेही जवळपास त्यांच्या शब्दांप्रमाणेच.

काही वेळा उत्तर 'ऑपरेशन नको' असं येतं. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अगदी बारीक पोकळी दिसली आणि त्रास काही नाही, तर बरेच तज्ज्ञ नुसतं लक्ष ठेवतात, ठरावीक काळाने पुन्हा एमआरआय करतात. 'डॉक्टरांनी काहीच केलं नाही, फी मात्र घेतली' अशी कुरकुर मी फोनवर ऐकते. थांबायचं कधी हे ओळखायलाही अनुभव लागतो आणि फी त्याचीच असते.

६. दोन मोठे डॉक्टर दोन गोष्टी सांगतील. घाबरू नका

या आजारात तसं होतंच, आणि या वादाचं एक टोक चक्क आपल्या परळमध्ये आहे.

जगभर रूढ असलेलं ऑपरेशन असं की, कवटीच्या मागच्या तळाचं थोडं हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढायची, बहुतेकदा आतलं आवरण उघडून तिथे ठिगळ लावायचं आणि पाण्याला वाट करून द्यायची. आपल्याकडचे सर्जन याला एफएमडी म्हणतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात न्यूरोसर्जरी विभागाचे अनेक वर्षं प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल यांचं मत वेगळं आहे. पहिला आणि दुसरा मणका प्लेट आणि स्क्रूने जोडण्याची त्यांची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज जगभरच्या सर्जनांना ती त्यांच्या नावाने माहीत आहे. पुढे २०१५ मध्ये त्यांनी कियारीच्या ६५ रुग्णांचा अनुभव मांडला. कियारीचं मूळ या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे, म्हणून हाड काढण्याऐवजी सांधा पक्का करावा, असं त्यांचं म्हणणं. नेहमीच्या फोटोत न दिसणारी अस्थिरताही असू शकते, असं ते मानतात. सांधा उघडपणे हलत असेल तर तो जोडायला हवा, याबद्दल फारसा वाद नाही. पण तसं काही दिसत नसलेल्या प्रत्येक रुग्णाला हा उपाय लावावा, हे देशातल्या आणि बाहेरच्या अनेक सर्जनांना मान्य नाही.

आता या वादात सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळामास्तरणीने काय करायचं?

मी दोन्ही मतांच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "दुसरे डॉक्टर असं म्हणतात, माझ्या फोटोंत त्यांचं म्हणणं बरोबर ठरेल असं काही दिसतं का?" दोघांनीही फोटो समोर घेऊन उत्तर दिलं, कोणी दुसऱ्याची टिंगल केली नाही. तेवढ्यावरून दोघांबद्दलही मला आदर वाटला. आमच्या सीटीत मान वाकवल्यावर सांधा हलताना दिसला नव्हता. शिवाय डावी-उजवीकडे मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यातच होतं. तो जोडला की वळणं कमी होणार. मी स्कूटी चालवते. वर्गात फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकांवर नजर ठेवते. मी एफएमडी निवडली. सांधा जोडून घेतलेला आणि मजेत असलेला माणूसही मला माहीत आहे. तुमचे फोटो माझ्यासारखे नसतील, तेव्हा माझा निर्णय उचलू नका. हवा तर प्रश्न उचला.

७. फाइल पेशंटने सांभाळायची

मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून रांग संपेस्तोवर दुपार होते आणि डॉक्टरांसमोर मिळतात मोजकी मिनिटं. ती पिशवीतून कागद उपसण्यात घालवू नका. मी एका पानावर तारखेनुसार लिहिलं होतं. पहिला फोड कधी, खडू कधी सुटू लागला, कोणतं औषध कधी, त्याने काय झालं. खाली आत्ताच्या तक्रारी, जास्त त्रास देणारी सगळ्यात वर.

एमआरआयची नुसती फिल्म पुरत नाही. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तर कोणाच्याच उपयोगाचा नाही. सेंटरकडून मूळ प्रतिमांची सीडी किंवा लिंक मागून घ्या. सर्जनला पडद्यावर एकेक छेद पुढे-मागे सरकवून बघायचा असतो. रिपोर्ट नवा असो की जुना, दोन्ही जपा, कारण पोकळी वाढते आहे की तशीच आहे हे दोन एमआरआय शेजारी ठेवूनच कळतं. आणि निवासी डॉक्टरांना कमी लेखू नका. शिकणारी ती पोरं तपशिलात ऐकतात, स्वच्छ अक्षरात लिहितात, आणि मोठे सर आले की तुमची केस तीच मांडतात.

८. नाव कुठून मिळवायचं

हॉस्पिटलच्या जाहिराती आणि मोबाइलवरचे तारे यांवरून मिळवू नका. तिथे पार्किंग चांगलं असल्याबद्दलही पाच तारे दिलेले सापडतात. माझ्या मुलीने पबमेडवर आजाराचं नाव आणि 'इंडिया' टाकून शोधलं. वैद्यकीय लेखांचे सारांश तिथे फुकट वाचता येतात. सगळं समजलं नाही तरी कोणती नावं आणि कोणत्या संस्था पुन्हा पुन्हा येतात ते दिसतं. मुंबईचं केईएम, बंगळुरूचं निम्हान्स, वेल्लोरचं सीएमसी, तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स, या संस्थांमध्ये असे रुग्ण देशभरातून येतात. सोलापूरकरांना बंगळुरू वाटतं तेवढं लांब नाही, उद्यान एक्सप्रेस थेट नेऊन सोडते. त्या संस्थांमध्ये शिकून आपल्या भागात आलेले सर्जनही असतात. डॉक्टर कुठे शिकला हे विचारण्यात वावगं काही नाही.

सगळ्यात खात्रीचं नाव मात्र दुसऱ्या डॉक्टरकडून मिळतं. तेही 'कोणाकडे जाऊ' असं विचारून नाही. "हे तुमच्या सख्ख्या बहिणीला झालं असतं तर तिला कोणाकडे नेलं असतंत?" असं मी आमच्या न्यूरोलॉजिस्टना विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांनी आधी चिठ्ठीवर लिहिलेलं नाव खोडून दुसरं लिहिलं.

९. पैशाचं आधी विचारा

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण रुग्णालय योजनेत हवं आणि तुमचं ऑपरेशन यादीत बसायला हवं. हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जा. दुर्मिळ आजारांसाठी केंद्राचं २०२१ चं धोरण आहे आणि केईएम त्यातलं एक केंद्र आहे, पण त्याचा भर जनुकीय आजारांवर आहे. सिरिंगोमायलियासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. शिक्षकांनी आणि इतर सरकारी नोकरांनी वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी प्रत्येक मूळ बिलावर सही-शिक्का तिथल्या तिथे घ्यावा. नंतर मागायला गेलं की सही करणाऱ्याची बदली झालेली असते.

१०. एक डॉक्टर लांबचा, एक जवळचा

ऑपरेशन करणारा सर्जन कितीही नामांकित असला तरी तो रात्री दोन वाजता तुमच्या गावात नसतो. आमच्या सोलापूरच्या न्यूरोलॉजिस्टकडे माझ्या सगळ्या फाइलची प्रत आहे. हाताची ताकद, चाल, लघवीवरचा ताबा ते नियमाने तपासतात आणि काही बदललं तरच मला पुण्याला सर्जनकडे पाठवतात. मी अजूनही गरम भांडं सांडशीशिवाय धरत नाही. आंघोळीचं पाणी मुलगी किंवा नवरा बघून देतो, कारण माझ्या हाताचा अंदाज भरवशाचा नाही. भाकरी आता उलथण्याने उलटते. ती पूर्वीसारखी फुगत नाही, पण घरात कोणी बोलत नाही.

आणि काही लक्षणं अशी आहेत की ती दिसल्यावर तज्ज्ञ शोधत बसायचं नसतं. पाणी पितानाही ठसका लागू लागला, आवाज बदलला, झोपेत श्वास अडखळू लागला, हातापायांतली ताकद बघता बघता कमी झाली, किंवा लघवी अडली, तर ज्या जवळच्या रुग्णालयात न्यूरोसर्जन आणि एमआरआय दोन्ही आहेत, ते गाठा. त्याचा फोन नंबर आजच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि तो कुठे लिहिला आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा.